पालकांचा नकार

आमच्या वॉर्डातल्या टॅबला सगळ्या जणी सासूबाई म्हणतात. नाव मीच ठेवलं. वॉर्डातली सगळ्यात जुनी सिस्टर मी, सव्वीस वर्षं नवजात बाळं हाताळतेय, तेव्हा नावं ठेवायचा मानही माझाच. सहा महिन्यांपूर्वी ही बया ट्रॉलीवर बसून आली आणि आमच्या डोक्यावर बसली. बाळाचं वजन किती, कितव्या आठवड्यात जन्मलं, आईला डायबेटिस आहे का, पहिलं दूध कधी प्यालं, अंग गार लागतं का, सगळं तिला सांगायचं. मग ती सांगणार की या बाळाची शुगर उतरायची भीती किती, पुढची तपासणी किती वाजता, दूध पाजा, गालात साखरेचं जेल चोळा की डॉक्टरांना बोलवा. हिरवा रंग आला तर सुटलो. पिवळा आला तर काम वाढलं. लाल आला तर धावायचं. आणि ऐकलं नाही तर टुणटुण वाजत बसते, अगदी घरातल्यासारखी.

बाळाची शुगर उतरणं हा वाईट प्रकार आहे, कारण तो दिसत नाही. ताप आला तर हाताला कळतो. पोट दुखलं तर बाळ रडून घर डोक्यावर घेतं. शुगर उतरलेलं बाळ नुसतं झोपतं. आई खूश होते, आत्या खूश होते, कित्ती गुणी बाळ म्हणून फोटो काढतात, आणि तेवढ्या वेळात त्याच्या मेंदूला खायला काही नसतं. फार वेळ तसं राहिलं तर जे बिघडतं ते पुढे कोणालाच दुरुस्त करता येत नाही. हे सगळं मला पाठ होतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बिचारीला कळलं नसेल.

त्या दिवशी सकाळी सव्वाअकराला माझ्या भाचीला मुलगा झाला. सिझेरियन झालं. चार किलो शंभर ग्रॅमचा गोळा. भाचीला गरोदरपणात डायबेटिस निघाला होता, शेवटचे दोन महिने इन्सुलिनवर होती. अशा आईचं बाळ पोटात असताना भरपूर साखर खातं आणि बाहेर आलं की एकदम ताट ओढून घेतल्यासारखं होतं. सासूबाईंनी जन्माच्या पहिल्या मिनिटापासून त्याला लाल यादीत टाकलं होतं. त्यात तिची काही चूक नव्हती.

भाची म्हणजे माझ्या अक्काची मुलगी. अक्का गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती. तिथून पुढे तिच्या वेण्या, तिचे गृहपाठ, तिची रुसणी-फुगणी, तिचं लग्न, सगळं माझ्या घरात झालं. माझं स्वतःचं मूल नाही. त्यामुळे मला बाळ झालंय की तिला, हे त्या सकाळी माझं मलाच नीट सांगता आलं नसतं. आमच्याकडे नियम आहे की नात्यातला पेशंट आपण घ्यायचा नाही. तो भिंगरीकडे दिला होता. भिंगरी म्हणजे आमची नवी सिस्टर, दीड वर्षाची नोकरी, एका जागी उभी म्हणून राहत नाही. मी तिला म्हटलं, "तू बाकीचे बघ. हिचं मी बघते."

"ताई, पण मेट्रन बाई रागावतील."

"त्यांना काय सांगायचं ते मी सांगते. पळ."

ती पळाली. माझ्यापुढे कोण बोलणार?

बाळ पावणेबाराला छातीशी लावलं. ओढायला नाखूश होतं, दोन घोट घेऊन झोपायचं. पाऊण वाजता पहिली शुगर केली, त्रेचाळीस आली. आमच्याकडे पंचेचाळीसच्या खाली गेलं की जेल. सासूबाई पिवळ्या झाल्या, मी गालाच्या आत जेल चोळलं, पुन्हा छातीशी धरलं. भाचीचा चेहरा एवढासा झाला होता.

"मावशी, हे वाईट आहे का गं?"

"काही नाही. अशी बाळं मी हजार बघितलीत. अर्ध्या तासाने परत बघू, तोवर तू त्याला पाज."

"तू आहेस म्हणून बरं आहे," ती म्हणाली. "नाहीतर मी भीतीनेच मेले असते."

आता माझी टाच टोचायची पद्धत सांगते, कारण सगळं तिथेच अडलंय. बाळाची टाच गार असली की रक्त येत नाही, मग दाबावी लागते आणि बाळ किंचाळतं. म्हणून मी आधी उघड्या तळव्यात टाच धरते. मिनिट-दीड मिनिट नुसती धरून ठेवायची, गप्पा मारायच्या. टाच गुलाबी झाली की हातमोजा घालायचा, पुसायचं, टोचायचं. एक थेंब आपोआप वर येतो. माझ्या हातून टोचलेलं बाळ रडत नाही, असं पूर्ण वॉर्डात म्हणतात. डॉक्टरसुद्धा म्हणतात. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सव्वा वाजता ड्यूटी बदलायची गडबड होती. सकाळच्या मुलींना घरी जायची घाई, दुपारच्या अजून कपडे बदलत होत्या. मी त्या दिवशी दोन्ही ड्यूट्या मागून घेतल्या होत्या. सातव्या खाटेवरच्या बाळालाही तेव्हाच जेल द्यायचं होतं. मी ट्यूब पिळली, बोटावर घेतलं, त्याच्या गालात चोळलं, हातमोजा काढून टाकला, ट्यूब ट्रॉलीत परत ठेवली. हात ओलसर लागला. खाटेच्या पायाशी सॅनिटायझरची बाटली असते, ती दोनदा दाबली, हात चोळले. बेसिन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्याच्या नळाला धार अशी नाहीच, करंगळीएवढं पाणी येतं. तिथे जाऊन साबणाने हात धुवायचे म्हणजे पाच मिनिटं गेली. दिवसातून साठ वेळा कोण जाणार? सगळ्या जणी बाटलीच वापरतो.

तशीच मी तिसऱ्या खाटेपाशी, भाचीकडे आले. बाळाची टाच तळव्यात धरली. जावईबापू बाजूला उभे होते, त्यांना म्हटलं, "नाक तुमचं आलंय, नशीब रंग आमचा आला." ते हसले. टाच गुलाबी झाली. हातमोजा घातला, स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचलं. थेंब वर आला. पट्टीला लावला.

एकशे बारा.

"बघ!" मी भाचीला म्हटलं. "एकशे बारा! उगाच घाबरत होतीस."

तिने डोळे मिटून श्वास सोडला. जावयांनी लगेच फोन काढला घरी सांगायला. मी टॅबवर आकडा टाकला आणि हिरव्याची वाट बघत उभी राहिले.

पिवळा आला. खाली लिहिलं होतं: 'अर्ध्या तासात त्रेचाळीसवरून एकशे बारा. वाढ अपेक्षेपेक्षा जास्त. हात आणि बाळाची टाच साबण-पाण्याने धुऊन लगेच पुन्हा तपासा.'

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सव्वीस वर्षांच्या बाईला हात धुवायला सांगतेय! काल जन्मलेलं यंत्र! बरं, आकडा चांगला आला तरी हिचं समाधान नाही. मी तोंडाने म्हटलंसुद्धा, "सासूबाईंना सुनेचं काही पसंत पडत नाही बाई."

"काय झालं?" भाचीने विचारलं.

"काही नाही, परत एकदा टोच म्हणतेय."

"नको ना गं मावशी," ती म्हणाली. "चांगली आलीय ना? पुन्हा नको टोचूस. केवढुसा आहे तो."

तिने ते कसं म्हटलं, तेही सांगते. हट्टाने नाही. मी भाजी वाढताना 'आता पुरे' म्हणायची, तसं. मी 'टोचावं लागेल' म्हटलं असतं तर तिने मुकाट पाय पुढे केला असता.

पिवळा तसाच सोडता येत नाही, टुणटुण चालू राहते. तो बंद करायला कारण निवडावं लागतं. 'यंत्र नादुरुस्त' निवडलं की दुरुस्तीवाला येतो. 'इतर' निवडलं की कारण लिहा, डॉक्टरांना फोन करा. आणि एक आहे 'पालकांचा नकार'. तो दाबला की खेळ खलास, बया गप्प. वॉर्डात सगळ्या जणी तोच दाबतात. पालकांनी खरंच नकार दिला आहे का, हे कोण बघतंय? भिंगरीला हे मीच शिकवलं होतं. सासूबाई आल्या त्या पहिल्या आठवड्यात ती प्रत्येक पिवळ्यासाठी डॉक्टरांना फोन करत होती, तेव्हा मी म्हटलं होतं, "अशाने तुझी शिफ्ट संपायची नाही, हे दाब."

मी ते दाबलं. पुढची तपासणी सव्वाचारला, असं आलं. एक वाजून बावीस मिनिटं झाली होती.

त्यानंतर मी जेवले. हे मला अजून सहन होत नाही. मी डबा उघडून सावकाश जेवले, बरोबर जेवणाऱ्या दोघी सिस्टरना बाळ कसं दिसतं ते सांगितलं, नाकावरून चेष्टा केली. मग अकराव्या खाटेवरच्या बाईच्या टाक्यातून रक्त येत होतं, तिथे अर्धा तास गेला. मधे एकदा भाचीकडे डोकावले. बाळ तिच्या कुशीत होतं.

"पितोय का?"

"नाही गं, उठतच नाही. मस्त झोपलाय." ती स्वतः औषधाच्या गुंगीत होती. "किती शांत आहे ना? तू म्हणत होतीस मी फार रडायचे."

"तू म्हणजे भोंगा होतीस," मी म्हटलं आणि पुढे गेले.

मी पुढे गेले. त्याला हात लावला नाही.

दोन चाळीसला मी टेबलापाशी उभी राहून औषधांची यादी बघत होते. भिंगरी मागून आली, बोटं फाकवून हात पुढे धरलेला.

"ताई, ही जेलची ट्यूब कोणी ठेवली हो ट्रॉलीत? खालून फुटलीय. नुसता हात लावला तर सगळा तळवा चिकट झाला माझा. बाटलीने पुसतेय तर जातच नाही, नुसतं पसरतंय."

मी तिच्या तळव्याकडे बघितलं. चकचकत होता.

सव्वा वाजता माझा हात ओलसर लागला होता. मला वाटलं होतं, हातमोज्यातला घाम.

साखरेचा हात. साखरेच्या हातात मी त्याची टाच धरून बसले होते, गप्पा मारत. तो एकशे बारा त्याच्या रक्तातला नव्हताच, माझ्या तळव्यातला होता. मग त्याचा खरा आकडा किती होता? आणि तेव्हापासून सव्वा तास झाला होता. सव्वा तास!

मी धावले. सव्वीस वर्षांत वॉर्डात मी कधी धावले नव्हते. मुलींना ओरडायचे मी, धावू नका म्हणून, आया घाबरतात. आया घाबरल्या. मी बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि त्या करंगळीएवढ्या धारेखाली हात धरले. लवकर पड, पड की, मेल्या नळा! साबण हातातून निसटला, खाली गेला, मी तो उचलला नाही. ओला कापूस घेतला आणि तिसऱ्या खाटेकडे गेले.

भाचीला झोप लागली होती. जावई फोनवर बोलत होते. बाळ तिच्या दंडावर होतं, तोंड अर्धं उघडं. मी त्याला उचललं. मान मागे पडली. हात सोडला तर हात खाली लोंबला. अंग गार आणि दमट. मी तळपायावर टिचकी मारली, एकदा, दोनदा, जोरात. त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि आवाज काढला नाही.

"बाळा," मी म्हटलं. "रड. माझ्या राजा, रड ना रे."

भाची जागी झाली. "मावशी? काय झालं?"

टाच धुतली, पुसली, टोचली. थेंब येईना. गरम करायला वेळ नव्हता, मी दाबलं, जोरात दाबलं. माझ्या हातून टोचलेलं बाळ रडत नाही, तसं हेही रडलं नाही. शेवटी थेंब आला. यंत्र पाच सेकंद मोजतं. ते पाच सेकंद मी कोणाला काय काय कबूल केलं, ते माझं मला माहीत. देव असेल तर त्याला, अक्काला, त्या पोराला.

सतरा.

मी घंटा दाबली आणि बोट काढलंच नाही. भिंगरी आली, तिने आकडा बघितला, मागे वळून डॉक्टरांना आणायला पळाली. मी बाळाला उबेच्या टेबलावर ठेवलं. गालात जेल चोळलं, पण ज्याला गिळायचं भान नाही त्याला जेल किती पोचणार? तेवढ्यात त्याचा उजवा हात हलायला लागला. क्षणभर मला वाटलं, शुद्धीवर येतोय. मग बघितलं तर डोळे एका बाजूला वळले होते आणि हात ठेक्यात हलत होता, पाय सायकल चालवल्यासारखा. झटका होता तो.

"काय होतंय त्याला? मावशी, काय होतंय त्याला, सांग ना!" भाची पोटावरचे ताजे टाके घेऊन खाटेवरून उतरायला निघाली होती. जावयांनी तिला दोन्ही खांद्यांना धरलं होतं. "मावशी!"

डॉक्टरीणबाई आल्या. लहान मुलांच्या डॉक्टर, वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "आत्ता." खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. हाताच्या शिरेत सुई जाईना, पायात जाईना. तिसऱ्या वेळी नाळेच्या शिरेतून गेली. आठ मिली साखरेचं पाणी हळूहळू गेलं. मी सिरिंज धरून उभी होते, ती भिंगरीने माझ्या हातातून काढून घेतली. हात हलायचा थांबला. डोळे सरळ झाले. त्याला घेऊन सगळे काचखोलीकडे गेले. काचखोली म्हणजे बाळांचा अतिदक्षता विभाग, पॅसेजच्या टोकाला आहे. माझ्यामागे भाचीचं रडणं येत होतं. ते मी नऊ वर्षांची असताना ऐकलं होतं तिचं, अक्का गेली त्या दुपारी. म्हणजे ती नऊ वर्षांची असताना. बघा, अजून माझं बोलणं सरळ येत नाही.

काचखोलीबाहेर बाक आहे. मी बसले नाही. साडेतीन वाजता भाचीला चाकाच्या खुर्चीवर बसवून तिथे आणलं, ती कोणाचं ऐकतच नव्हती. जावई तिच्या मागे उभे. तिने माझा हात पकडला. तोच हात. मी तो सोडवून घेतला नाही.

"तो वाचेल ना?" ती विचारत होती. "तू खूप बघितलीस ना अशी? वाचतात ना?"

"वाचतात," मी म्हटलं.

चार वाजून गेले तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हातात टॅब होता. तो बघितल्यावर मला कळलं की पुढे काय येणार आहे. बाळासाठी जितकी भीती वाटत होती तितकी भीती मला त्या टॅबची वाटली. ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण तसंच झालं.

"शुगर आता अठ्ठावन्न आहे," त्या म्हणाल्या. "झटका पुन्हा आलेला नाही. श्वास स्वतःचा घेतोय. आज एवढं चांगलं सांगता येईल."

"आणि पुढे?" जावयांनी विचारलं.

"पुढचं आज सांगता येत नाही. किती वेळ शुगर इतकी कमी होती, ते आम्हाला नक्की माहीत नाही. दोन-तीन दिवसांनी मेंदूचा स्कॅन करू. नंतरही बसायला लागेल, बोलायला लागेल, तसतसं बघत राहावं लागेल. मी खोटा दिलासा देणार नाही." त्यांनी टॅबकडे बघितलं. आवाज हळू केला, पण शब्द हळू झाले नाहीत. "एक विचारायचं होतं. एक बावीसला पुन्हा तपासायची सूचना आली होती. तेव्हा तपासलं असतं तर हे लक्षात आलं असतं. इथे नोंद आहे की पालकांनी नकार दिला. तुम्हाला त्याचा धोका कोणी समजावून सांगितला होता का?"

जावयांनी भाचीकडे बघितलं. "तू नको म्हणालीस?"

भाचीने माझा हात सोडला आणि दोन्ही हात तोंडावर नेले. "म्हणाले," ती म्हणाली. "मी म्हणाले. मी म्हटलं, पुन्हा नको टोचूस. चांगली आलीय ना, मग नको. मी म्हणाले तसं."

"अगं, पण का?"

"मला काय माहीत होतं!" ती रडत नव्हती आता. त्यापेक्षा वाईट होतं. "मला वाटलं त्याला दुखेल. मीच केलं. माझ्याच पोराला मीच..." तिने कपाळ खुर्चीच्या दांड्यावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. जावयांनी तिचं डोकं धरलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी बघितलं. ते तिला धरत होते आणि तिच्याकडे बघू शकत नव्हते.

मी गप्प होते.

किती वेळ, ते मला ठाऊक आहे. समोर घड्याळ होतं. चाळीस सेकंद. त्या चाळीस सेकंदांत मी पूर्ण हिशेब केला. कोणी विचारणार नव्हतं. ती स्वतःच कबूल झाली होती. तिने ते शब्द खरोखर उच्चारले होते. ट्यूब कचऱ्यात गेली होती. माझी नोकरी राहील, पेन्शन राहील, वॉर्डातलं नाव राहील. ती मला मावशी म्हणत राहील, माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडेल आणि मी तिला थोपटून म्हणेन, तुझी काय चूक गं, आईची माया ती. मी म्हटलं असतं हो तसं. मी तेवढी हुशार आहे. पोर जर मंद निघालं, अडखळलं, चाललं नाही, तर ती जन्मभर त्याच्याकडे बघून स्वतःला खात राहील आणि मी समोर बसून तिला जेवायला वाढेन.

भिंगरी काचखोलीच्या दाराशी उभी होती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, मग मान खाली घातली. तिला माहीत होतं ते बटण आम्ही कसं दाबतो ते.

"तिने नकार दिला नाही," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. कोणाला नीट ऐकू गेला नाही बहुतेक, म्हणून पुन्हा म्हटलं. "डॉक्टर, तिने नकार दिला नाही. ते बटण मी दाबलं. मी तिला विचारलंच नव्हतं. माझ्या हाताला साखरेचं जेल होतं. दुसऱ्या बाळाला लावलं, ट्यूब फुटली होती, मी हात साबणाने धुतले नाहीत. त्याच हातात त्याची टाच धरली. म्हणून एकशे बारा आली. टॅबने सांगितलं होतं, हात धुवून परत बघा. मला राग आला. मी बंद करून टाकलं."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल," त्या म्हणाल्या.

"देते."

जावई पुढे आले. मला वाटलं, मारतात की काय. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुम्ही जेवत होतात. मी पाण्याची बाटली भरायला गेलो तेव्हा तुम्ही तिथे बसून जेवत होतात, हसत होतात."

भाचीने डोकं वर केलं होतं. कपाळावर लाल वळ उठला होता. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी परक्या भाषेत काही सांगितलं आणि ती एकेक शब्द लावून बघतेय.

"हात धुवायला सांगितलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"फक्त हात धुवायला?"

"हो."

"आणि तू ते बंद केलंस. आणि माझं नाव घातलंस."

"बेटा, मी..." सगळ्या जणी तसंच करतात, हे मी तिला सांगू शकले असते. नाही सांगितलं.

आतून घंटी वाजली. सव्वाचारची तपासणी होती. काचखोलीतली नर्स दारात आली आणि म्हणाली, "आईला दोन मिनिटं आत येता येईल, बरोबर एक जण. हात धुवून या."

खुर्ची ढकलायला मी नकळत पुढे झाले. तिच्या नवव्या वर्षापासून ऑपरेशनच्या दारापर्यंत मीच ढकलत, ओढत, धरत आले होते, हात आपोआप गेले. तिने चाकावर हात ठेवून खुर्ची थांबवली. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, माझ्या हातांकडे बघितलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा."

मी बाजूला झाले. भिंगरीने खुर्ची धरली आणि तिला आत नेलं.